किल्लीमावशीच्या खिशातला कान

मित्रांनो, जरा तुमचा तळहात माझ्या पाठीवर टेकवा बघू. घाबरू नका, चावत नाही मी! घर्रर्र... घर्रर्र... कळलं? हाच माझा आवाज. मी एक जुना स्मार्टफोन आहे. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय, पाठीवर ओरखडेच ओरखडे आहेत आणि चार्जिंगला लावलं की मी तव्यासारखा तापतो. पण थरथरायचं म्हणाल, तर आजही कुठल्याही कोऱ्या करकरीत फोनने माझ्याशी पैज लावावी! माझ्या एका थरथरीने काय घडलं ते तुम्हांला सांगायला मी इतका उतावीळ झालोय, की सुरुवात कुठून करू तेच कळेना.

बरं, जन्मापासूनच करतो. एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. एकीने काच बसवली, एकीने बॅटरी, आणि एकीने चिमट्यात धरून एक इवलीशी मोटर माझ्या पोटात ठेवली. वाटाण्याएवढी! ती फिरली की आख्खा फोन थरथरतो. तेव्हा मी त्या मोटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला माझ्या कॅमेऱ्याचा भारी गर्व होता. दुकानातल्या काचेच्या कपाटात मी ताठ मानेने उभा असायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो मनातल्या मनात काढायचो.

एक दिवस एक बाई दुकानात आल्या. अंगात जाडजूड एप्रन, नखांत लोखंडाची काळी भुकटी. बरोबर त्यांचे यजमान.

"ताई, याचा कॅमेरा बघा," विक्रेता म्हणाला. "चंद्रावरचे खड्डे दिसतील!"

"मला कुठे चंद्रावर जायचंय?" बाई म्हणाल्या. "याला थरथरवून दाखवा."

"आँ?"

"तिला ऐकू येत नाही हो," यजमान म्हणाले. "तिच्याकडे तोंड करून बोला, ओठांवरून सगळं समजतं तिला. आणि म्हणतेय ते करा, नाहीतर आपल्या दोघांनाही इथंच मुक्काम करावा लागेल."

मग काय, विक्रेत्याने एकेक फोन बाईंच्या तळहातावर ठेवून थरथरवला. बाई डोळे मिटून उभ्या. "ही तर नुसती माशी गुणगुणतेय. हा बरा, पण शेळपट. हा... छे, याला ताप आलाय वाटतं." शेवटी माझी पाळी आली. मी जीव खाऊन थरथरलो! बाईंनी खाडकन डोळे उघडले.

"अगंबाई! हा तर ओरडतो!"

त्या क्षणी मी कॅमेरा-बिमेरा सगळं विसरलो. आपल्यात काहीतरी खास आहे आणि ते कुणीतरी ओळखलं, याचा आनंद काय असतो ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

या बाई म्हणजे किल्लीमावशी. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवायच्या आणि अडकलेली दारं उघडून द्यायची, हा त्यांचा धंदा. लहानपणी तापात त्यांचे कान गेले, पण बोटं अशी तयार झाली की विचारू नका. कुलपाच्या आत बारीक बारीक खिट्ट्या असतात. मावशी त्यात एक पातळ तार घालतात आणि एकेक खिट्टी वर सरकवतात. खिट्टी जागेवर बसली की तारेतून अगदी मुंगी चावल्याएवढा धक्का येतो. तो बोटांना कळला पाहिजे. आणि मावशींना तो हमखास कळतो.

त्यांचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. अर्ध्या भागात मावशींची किल्ली कापायची मशीन, अर्ध्या भागात यजमानांचं छत्र्या दुरुस्तीचं काम. म्हणून ते छत्रीकाका. काकांना बोलायची भारी हौस. मावशींवर राग आला की ते पाठ फिरवून बडबडायचे, म्हणजे मावशींना ओठ दिसायचे नाहीत. मला मात्र सगळं ऐकू यायचं! मावशीही काही कमी नव्हत्या. "पाठ थरथरतेय तुमची. माझ्याबद्दलच चाललंय ना?" असं म्हणून त्या काकांची पंचाईत करायच्या.

काकांनी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा एक खिसा मावशींच्या एप्रनला आतून शिवला, डाव्या बरगडीवर. ती माझी जागा. दारावर पाटी लागली: 'फोन करू नका, मेसेज करा.' फोनची घंटा तर मावशींनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. मेसेज आला की मी बरगडीवर घर्रर्र करायचो आणि मावशी हत्यारांची पिशवी उचलून निघायच्या. काय ते दिवस होते! एकदा दातांचे डॉक्टर हात धुवायला बाहेर आले आणि दवाखान्याचं दार मागे बंद झालं. पेशंट आत, खुर्चीवर, आ वासून! एकदा एका वाजंत्रीवाल्याचं वाद्य पेटीत अडकलं आणि बाहेर लोक टाळ्या वाजवून खोळंबले होते. सगळीकडे आम्ही पोहोचलो. मावशी दार उघडायच्या, लोक त्यांचे आभार मानायचे, आणि काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा फोन नाही बरं का, हिचा कान आहे!" मी मूठभर मांस चढल्यासारखा फुगायचो.

आणि मग माशी शिंकली.

चौकात एक नवीन दुकान उघडलं. तिथं एक मोठा डबा ठेवलेला: चिठ्ठीवर नाव-नंबर लिहा, डब्यात टाका आणि फ्रिज जिंका! काकांना राहवलं नाही. पण स्वतःचा नंबर त्यांना जन्मात कधी पाठ नव्हता. पाठ होता तो फक्त बायकोचा. त्यांनी बिनदिक्कत तोच लिहून टाकला. फ्रिज काही आला नाही. त्याऐवजी मेसेज आले.

'अभिनंदन! तुम्ही मोटार जिंकलात! ताबडतोब क्लिक करा!' 'तुमचं पार्सल अडकलंय, ताबडतोब माहिती भरा!' 'टक्कल? काळजी सोडा! ताबडतोब मागवा!' सकाळी, दुपारी, जेवताना, दात घासताना. आणि मित्रांनो, मला तर नियमच असा, की मेसेज आला की थरथरायचं. खरा कुठला, खोटा कुठला, हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं. प्रत्येक थरथरीला मावशी मशीन थांबवायच्या, हात पुसायच्या, मला बाहेर काढायच्या आणि वाचून पुन्हा आत कोंबायच्या. "टक्कलवाला तुमच्यासाठी असेल हो," त्या काकांना म्हणायच्या. काका टोपी आणखी खाली ओढायचे.

इथवर हसण्यावारी चाललं होतं. पण एकदा शाळेत कपाट उघडायला गेलो. किल्ली हरवलेली, आत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, मुख्याध्यापिका बाई येरझारा घालतायत. मावशींनी तार घातली. एक खिट्टी बसली, दुसरी बसली. शेवटची राहिली. मावशींनी श्वास रोखला. आणि तेवढ्यात मी, घर्रर्र! मावशींचा हात हलला आणि सगळ्या खिट्ट्या धडाधड खाली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शेवटची खिट्टी, पुन्हा घर्रर्र! तिसऱ्या वेळी मावशींनी मला उपसून टेबलावर आपटलं. "मेल्या! गप्प बस की जरा!" माझ्या काचेचा हा तडा तेव्हाचाच. तडा गेल्याचं दुःख नव्हतं हो. ज्या थरथरण्यासाठी त्यांनी मला निवडलं होतं, त्याचाच त्यांना वीट आला, हे मला फार लागलं.

त्यानंतर माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. गंजक्या किल्ल्या, तुटकी कुलपं आणि मी. मेसेज आले की मी एकटाच तिथं थरथरायचो आणि किल्ल्या माझ्यावर खुळखुळायच्या. खोटे मेसेज यायचे, तसे खरेही यायचे. मग लोक दुकानात येऊन सांगू लागले, "मावशी, मेसेज करून करून दमलो, शेवटी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं."

एका संध्याकाळी मावशींनी मला बाहेर काढलं आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. "अहो," त्या काकांना म्हणाल्या, "मला वाटायचं मी लहानपणी बहिरी झाले. नाही हो. मी आत्ता झाले."

काकांनी हातातली छत्री खाली ठेवली. "चल," ते म्हणाले, "या चोरांचा बंदोबस्तच करू."

दोघं चहाचे कप घेऊन माझ्यासमोर बसली. आधी एकेक नंबर बंद करून पाहिला. पण एक डास मारावा तर त्याच्या जागी चार यावेत, तसे नव्या नव्या नंबरांवरून मेसेज यायचे.

"मग सगळे अनोळखी नंबरच बंद करू," काका म्हणाले.

"वा रे वा! माझी सगळी गिऱ्हाइकं अनोळखीच असतात. ओळखीची माणसं जादा किल्ली आपल्याकडेच ठेवून जातात."

शोधता शोधता त्यांना माझ्यातली एक सोय सापडली. ठरावीक शब्द लिहून ठेवायचे. ते शब्द असलेला मेसेज आला की तो गुपचूप बाजूला जाणार. मी थरथरणार नाही, काही नाही. दोघांना कोण आनंद झाला! काका एकेक शब्द सांगायला लागले आणि मावशी लिहायला लागल्या. "अभिनंदन. बक्षीस. कर्ज. क्लिक."

"टक्कल," मावशी म्हणाल्या.

"तो राहू दे की. एखादवेळी खरंच चांगलं तेल असायचं."

"टक्कल!" मावशींनी लिहूनच टाकलं. मग त्यांनी जुने मेसेज भराभर वर सरकवून पाहिले आणि टाळी वाजवली. "अहो, हे बघा! सगळ्यांत एक शब्द आहेच. ताबडतोब! हा एक टाकला की झालं, सगळ्यांचाच निकाल."

मित्रांनो, मी आतल्या आत केवढा ओरडलो! मावशी, हा शब्द नको! दाराबाहेर अडकलेला माणूस दुसरं काय लिहिणार? पण मला तोंड कुठं आहे? आणि थरथरायला मेसेज लागतो. मावशींनी बटण दाबलं आणि शब्द यादीत जाऊन बसला.

पुढचे दिवस मात्र झकास गेले, खोटं कशाला बोलू. मी पुन्हा बरगडीवर आलो. मावशी काम करताना गुणगुणू लागल्या, अगदी बेसूर. काका म्हणायचे, "देवा, तिला ऐकू येत नाही, पण मला येतं!" आणि तरी त्यांनी मावशींना एकदाही थांबवलं नाही. माझ्या पोटात मात्र एक अंधारी खोली तयार झाली होती. बंद केलेले मेसेज एकेक करून तिथं येऊन पडायचे. तिथं आत डोकावावं, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

आणि मग ती दुपार आली. आठवलं तरी माझी मोटर फिरायला लागते!

पाण्याच्या टाकीसमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा आपल्या लहानग्या नातीला सांभाळत होते. तिचे आई-बाबा कामावर गेले होते. आजोबांनी शेगडीवर दूध ठेवलं आणि कचऱ्याची पिशवी तेवढी जिन्यात ठेवून यावी म्हणून दोन पावलं बाहेर टाकली. मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं. ते दार असं की एकदा लागलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत, नात आत, पेटती शेगडी आत. आजोबांच्या हातात फक्त फोन आणि कचरा. शेजारणीने अग्निशामक दलाला कळवलं, पण गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाली होती. जिन्याखाली मीटरच्या पेटीवर किल्लीमावशीचा नंबर चिकटवलेला होता. आजोबांनी लिहिलं, 'ताबडतोब या. दार बंद झालंय.' पुढे सगळा पत्ता.

तो मेसेज माझ्यापर्यंत आला, आणि त्या एका शब्दामुळे थेट अंधाऱ्या खोलीत जाऊन पडला. मी ढिम्म. मावशी मशीनवर किल्ली कापत होत्या, गुणगुणत होत्या. थोड्या वेळाने दुसरा आला. 'कृपया ताबडतोब या! लहान मूल आत आहे!' तोही गेला अंधारात. अरे देवा! मी बरगडीवर होतो, मावशींच्या काळजाला खेटून होतो, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी दगडासारखा पडून होतो.

मग तिसरा मेसेज आला. आजोबांचे हात आता इतके कापत होते, की त्यांना मोठं वाक्य लिहिताच येईना. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'टाकीसमोर तिसरा मजला. नात आत आहे. धूर येतोय.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तो शब्द त्यात नव्हता! नव्हता हो! मग मी जो थरथरलो, जो थरथरलो! जन्मात कधी इतका थरथरलो नव्हतो. मशीनची घरघर एकीकडे, माझी एकीकडे. मावशींचा हात थबकला. मशीन बंद. मी बाहेर. त्यांचे डोळे त्या तीन ओळींवरून फिरले आणि चेहरा पांढरा पडला.

"अहो, स्कूटर काढा!"

"अगं, पण काय झ..."

"काढा म्हणते ना!"

काकांनी अर्धी शिवलेली छत्री भिरकावली. स्कूटर अशी पळवली त्यांनी, की त्यांची टोपी उडाली आणि त्यांना पत्ताच नाही. तिसऱ्या मजल्यावर हीऽऽ गर्दी. दाराखालून धुराची पातळ रेघ येत होती. एक धिप्पाड शेजारी हातोड्याने दार बडवत होता, पण दार लोखंडी, ते काय बधतंय! मावशींनी दारावर तळहात टेकवला आणि ओरडल्या, "थांबवा तो हातोडा! दार हलतंय, मला काही कळत नाहीये!"

शेजाऱ्याने हातोडा खाली घेतला. मावशी गुडघ्यांवर बसल्या, तार काढली, आणि मग त्यांनी मला खिशातून काढून आजोबांच्या हातात दिलं. "हा धरा. आत्ता माझ्या अंगावर नको हा." आजोबांनी मला दोन्ही हातांत धरलं. मित्रांनो, ते माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

आतून छोटीचं रडणं येत होतं. आधी मोठ्याने, मग खोकत खोकत. आणि मग ते थांबलं. सगळ्यांनी ते ऐकलं. शेजारणीने तोंडावर हात ठेवला. काका भिंतीला टेकले. एकट्या मावशींना ते कळलं नाही. त्यांची मान खाली होती, डोळे मिटलेले होते, आणि बोटं पुढे चालली होती. एक खिट्टी. दुसरी. पुन्हा एक. खट्!

दार उघडलं आणि धूर अंगावर आला. मावशी तशाच रांगत आत घुसल्या. फार लांब जावंच लागलं नाही. छोटी दाराच्या अगदी मागेच होती. रडून रडून दमून, आजोबांची एक चप्पल पोटाशी धरून मुटकुळं करून पडली होती. मावशींनी तिला उचलून बाहेर आणलं. काकांनी तोंडाला रुमाल बांधून शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. दुधाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. आणि जिन्यातल्या मोकळ्या हवेत छोटी खोकली, तिने डोळे चोळले आणि असं काही भोकाड पसरलं, की मला ते जगातल्या सगळ्या गाण्यांपेक्षा गोड लागलं! शेजारीण हसत होती आणि रडत होती. मीही रडलो असतो, पण पाणी आत गेलं की आमचा कारभार आटोपतो.

आजोबांनी नातीला कुशीत घेतलं. मग ते मावशींना म्हणाले, "ताई, मी आधी दोनदा लिहिलं होतं हो. तुम्ही आला नाहीत. वाटलं, आता कुणीच येत नाही."

मावशींनी त्यांचे ओठ वाचले. मग मला त्यांच्याकडून परत घेऊन माझ्यातली ती अंधारी खोली पहिल्यांदा उघडली. टकलावरचं तेल, फुकटची मोटार, आणि त्यांच्या मध्ये आजोबांचे दोन्ही मेसेज. आणखीही होते. रात्रपाळी करून घरी आलेली आणि दाराबाहेर अडकलेली एक नर्स. गोठ्याच्या फाटकाची किल्ली हरवलेला एक दूधवाला. खरे, अगदी खरे. मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

काकांनी त्यांच्यासमोर बसून त्यांचे हात बाजूला केले, ओठ दिसावेत म्हणून. "अगं, पोहोचलीस ना तू?"

"तिसऱ्याला पोहोचले," मावशी म्हणाल्या. "तिसरा आलाच नसता तर?"

मावशींनी तिथंच, पायरीवर बसल्या बसल्या, तो शब्द यादीतून पुसला.

आता पुन्हा कधीकधी काम ऐन रंगात आलेलं असताना मी घर्रर्र करतो आणि निघते 'ताबडतोब लॉटरी'. काका म्हणतात, "टाक की तो शब्द पुन्हा यादीत." मावशी मान हलवतात. "असू दे. खोट्यासाठी शंभरदा उठेन मी. खऱ्यासाठी झोपून राहायची नाही." पण त्या स्वस्थही बसलेल्या नाहीत. फसवा मेसेज आला की तो नंबर बंद करून वर तक्रार करतात. नाजूक काम असलं की मला काकांच्या हातात देतात, म्हणजे खरं बोलावणं आलं तर ते सांगतील. आणि दुकान बंद करण्याआधी अंधाऱ्या खोलीत एकदा डोकावतातच.

म्हणून, मित्रांनो, तुम्हांला माझी हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, तरी जोडलेत असं समजा! आमच्या पोटात भलता कचरा भरू देऊ नका. दिसेल त्या डब्यात आपला नंबर टाकू नका, आणि आई-बाबांना, आजी-आजोबांनाही टाकू देऊ नका. खोट्यांना दार खुशाल बंद करा, पण बंद दारामागे चुकून कोण राहिलं, ते मधूनमधून बघत जा. आणि उगाच घाईचे मेसेज पाठवून कुणाची थट्टा करू नका. कारण प्रत्येक थरथरीला कुणीतरी हातातलं काम टाकून उठतं.

परवाची एक गंमत सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. मावशी मशीनवर होत्या आणि आजोबांच्या नंबरवरून मेसेज आला. काय होता माहितेय? 'पपपपथथ७७ळळळळूऊऊ.' ना अर्थ, ना आगापिछा. कुठल्याही नियमाने बघा, निव्वळ कचरा! मी पूर्ण ताकदीने थरथरलो. मावशींनी मशीन बंद केली, हात पुसले, मला बाहेर काढलं आणि बघतच राहिल्या.

"कुणाचा गं?" काकांनी विचारलं.

"छोटीचा."

"काय म्हणतेय?"

मावशींनी ती अक्षरं पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचली. "मी आहे, म्हणतेय," त्या म्हणाल्या, आणि मला बरगडीवरच्या खिशात ठेवून वरून हात दाबून धरला.